तबकडीची दुसरी बाजू

ब्राह्मणपारा ही रायपूरची जुनी वस्ती. घरात मराठी, ओट्यावर छत्तीसगढी आणि दुकानात हिंदी, अशी आमची रोजची ये-जा. मध्यंतरी मी आवडत्या पाच अल्बमांची यादी केली आणि कौतुकाने शेजारच्या काकांना वाचून दाखवली. ऐकून झाल्यावर ते एवढंच म्हणाले, “इहाँ के एको ठन नइ हे?” इथलं एकही नाही? मी हसून वेळ मारून नेली. प्रश्न मात्र मागे राहिला.

यादीमागे माझी एक कसोटी होती. क्रम बदलला तरी ज्याचं काही बिघडत नाही तो गाण्यांचा संग्रह, आणि क्रम बदलला की जे मोडतं तो अल्बम.

या कसोटीवर माझ्याकडे पहिला नंबर किशोरी आमोणकरांच्या भूप-बागेश्रीच्या एलपीचा. भूपात मध्यम आणि निषाद वर्ज्य. पाच स्वरांत किशोरीताई अख्खी संध्याकाळ उभी करतात आणि त्या दोन स्वरांची उणीव आपल्याला जाणवतही नाही. मग उठून तबकडी उलटायची. बागेश्री सुरू होते, मध्यम येतो, कोमल गंधार-निषाद येतात, आणि मघाशी काय बाजूला ठेवलं होतं ते आत्ता कळतं. रात्रही तेवढी पुढे सरकलेली असते. हे दोन राग वेगवेगळे ऐकले तरी थोरच आहेत. पण बाजू उलटतानाची ती शांतता मला त्या गाण्याचाच भाग वाटते.

‘कॉल ऑफ द व्हॅली’ (1967) मी बरीच वर्षं पाहुणे आल्यावर लावायची तबकडी समजत होतो. शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काब्रांची गिटार, पहाटेच्या अहिरभैरवापासून पहाडीपर्यंत काश्मीरमधल्या मेंढपाळाचा एक दिवस. प्रत्येक रागाला जेमतेम ओळख करून देण्याइतका वेळ, ही तक्रार मी आजही मागे घेत नाही. पण तिघांनी आपापली विद्वत्ता आवरून एकमेकांना दिलेली जागा मला उशिरा ऐकू आली. आवरणं हीसुद्धा कमाईच असते.

माइल्स डेव्हिसचा ‘काइंड ऑफ ब्लू’ 1959 सालचा. त्यातही पाचच रचना. भराभर बदलणाऱ्या स्वरसंघांची गर्दी कमी करून एका स्वरसप्तकात रेंगाळायचं, ही त्यातली मुख्य कल्पना. म्हणून आपल्या कानाला तो लगेच जवळचा वाटतो, आणि आपण घाईने म्हणतो, ‘अरे, हे तर रागसंगीत!’ तसं ते नाही. तिथे षड्ज धरून बसलेला तंबोरा नाही. पायाखालची जमीन मधूनच सरकते आणि वादक तिच्याबरोबर सरकतात. साम्यापेक्षा हा फरक ऐकायला शिकलो, तेव्हा मला तो अल्बम खरा आवडला.

चौथं ‘गीतरामायण’. 1955-56 मध्ये पुणे आकाशवाणीवरून आठवड्याला एक अशी 56 गीतं प्रसारित झाली, ती अनेक गायक-गायिकांच्या आवाजांत. पुढे तबकड्यांवर घरोघर पोचलं ते मुख्यतः बाबूजींच्या एकट्याच्या आवाजात. सुधीर फडक्यांचे स्वच्छ उच्चार हे मराठीच्या बाहेर वाढलेल्या आमच्यासारख्यांचं व्याकरणच होतं. तरीही वाटतं, एका आवाजामुळे रामायणाला कथेकरी मिळाला, पण सीता, कौसल्या, शूर्पणखा यांचे गळे गेले.

पाचवा ए. आर. रहमान यांचा ‘दिल्ली-6’ (2009). चित्रपटाचा अल्बम माझ्या कसोटीत बसत नाही. केवळ आवडीपोटी तो घेतला, आणि त्यातही ‘गेंदा फूल’साठी. तिथेच मी अडकलो. ते गाणं छत्तीसगढी लोकगीतावरून आलेलं आहे. म्हणजे इथलं एक गाणं माझ्या यादीत होतं, पण दिल्लीच्या नावाने. आणि काकांना उत्तर देताना मला ते आठवलंही नाही.

मग कसोटी पुन्हा हातात घेतली. 1971 मध्ये दुर्गजवळच्या बघेरा गावात रामचंद्र देशमुखांनी ‘चंदैनी गोंदा’ उभा केला. शेतकऱ्याच्या जगण्याची कथा, गीतांच्या माळेतून सांगितलेली. संगीत खुमानलाल साव यांचं. त्यातली गाणी पुढे रेडिओवरून सुटी सुटी ऐकू येत राहिली आणि मीही ती सुटीच ऐकली. पण मुळात तो क्रमाने बांधलेला प्रयोग होता. ओवलेल्या माळेतून फुलं वेगळी करावीत, तसं झालं. माझ्याच व्याख्येने तो अल्बम ठरतो. नसते ते फक्त तबकडीचं वेष्टन.

तीजनबाईंच्या पंडवानीचं याहून अवघड आहे. कापालिक शैलीत उभं राहून त्या गायच्या, तेव्हा हातातला तंबुरा कधी भीमाची गदा व्हायचा, कधी अर्जुनाचं धनुष्य. मागे बसलेला रागी हुंकार द्यायचा, प्रश्न विचारायचा. ध्वनिमुद्रणात आवाजाचा दमदारपणा येतो, गदा येत नाही. याला अल्बम म्हणायचा माझा हट्ट नाही. पण जे तबकडीत मावत नाही ते यादीत नको, असं म्हणणं म्हणजे भांड्याच्या मापाने नदी मोजणं.

यादी मी बदलली. ‘दिल्ली-6’ काढून ‘चंदैनी गोंदा’ लिहिलं. रहमानवर राग नाही. ‘गेंदा फूल’ अजूनही लावतो. काकांना नवी यादी दाखवली, तेव्हा त्यांनी बाकीची चार नावं पुन्हा वाचायला सांगितली आणि किशोरीताईंपाशी थांबवलं. “ये ला सुना,” म्हणाले. मी भूप लावला. तो संपल्यावर तबकडी उलटायला त्यांनीच हात पुढे केला.