एकशे एक जादूंचे ओझे

जादू शिकवणाऱ्या नव्या पुस्तकांच्या मुखपृष्ठावर हल्ली हमखास एक आकडा असतो. पन्नास सोप्या जादू, शंभर थक्क करणारे प्रयोग, एकशे एक चमत्कार. आत पानागणिक एक जादू: साहित्य, कृती, रहस्य. पान उलटले की दुसरी, जिचा पहिलीशी काडीचा संबंध नाही. अलीकडे त्यात कोपऱ्यातल्या क्यूआर कोडची भर पडली आहे. मजकूर चार ओळींत उरकायचा आणि शिकवण्याचे काम मोबाइलवरच्या व्हिडिओवर सोपवायचे. असे पुस्तक एखाद्या हौशी मुलाच्या हाती पडते. दिवाळीच्या सुट्टीत तो त्यातल्या बऱ्याच जादू करून पाहतो, घरचे त्या पकडतात, आणि शाळा सुरू होईपर्यंत त्याची खात्री पटते की आपल्या हातात कलाच नाही. दोष पुस्तकाचा आणि शिक्षा मुलाला. हे सहन होत नाही, म्हणून हा लेख.

रहस्ये छापण्याला माझा विरोध नाही. रेजिनाल्ड स्कॉटने १५८४ साली चेटकिणी ठरवून चाललेल्या छळाविरुद्ध लिहिताना हातचलाखीचे प्रकार उघड करून दाखवले. ‘प्रोफेसर हॉफमन’ या नावाने लिहिणाऱ्या अँजेलो लुईस या बॅरिस्टरने १८७६ मध्ये ‘मॉडर्न मॅजिक’मध्ये त्या काळच्या जादूगारांची पोतडीच रिकामी केली. कला बुडाली नाही. उलट त्याच पुस्तकावर पुढचे जादूगार घडले. यातून एकच गोष्ट सिद्ध होते: रहस्य हा या कलेतला सर्वांत स्वस्त माल आहे. आकड्यांची पुस्तके नेमका तोच विकतात.

नावाजलेल्या ग्रंथांपैकी बरेचसे नवशिक्यापुरते मी बाजूला ठेवतो. एर्डनेसचे १९०२ चे पुस्तक थोर आहे, पण ज्याला पत्त्यांचा कॅट अजून नीट धरता येत नाही त्याला ते चिरडून टाकते. कोरिंडाचे मनोवाचनावरचे पुस्तक माणसांसमोर उभे राहायला शिकलेल्यांसाठी आहे. टार्बेलचा टपालाने सुरू झालेला अभ्यासक्रम पुढे आठ खंडांचा झाला. तो ग्रंथालयात असावा. मार्क विल्सनच्या १९७५ च्या जाडजूड ग्रंथातली चित्रे उत्तम आहेत, पण पत्ते, नाणी, दोरी, रुमाल, पेले असे सारे समोर मांडून तो निवडीचा भार ज्याला निवडता येत नाही त्याच्यावरच टाकतो.

माझा कौल आहे तो क्रमाने शिकवणाऱ्या पुस्तकांना, आणि त्यांत आजही सर्वांत वर ह्यूगार्ड आणि ब्राउ यांचे ‘रॉयल रोड टू कार्ड मॅजिक’. १९४० च्या दशकाअखेरचे हे पुस्तक सुरू होते पत्ते पिसण्यापासून. पहिल्या प्रकरणात एकच पिसणे, आणि त्या एका पिसण्याच्या बळावर लोकांसमोर करता येतील अशा जादू. पुढच्या प्रकरणात दुसरे पिसणे. पत्ता तळव्यात लपवणे येते ते सातव्या प्रकरणात, आणि दोन पत्ते एक म्हणून उचलणे अकराव्यात. तोवर शिकणाऱ्याने कितीतरी वेळा लोकांपुढे उभे राहून काहीतरी पार पाडलेले असते.

या क्रमामागचा विचार एका उदाहरणावरून दिसतो. खुणेच्या पत्त्याची जादू कुठल्याही आकड्यांच्या पुस्तकात असते: सर्वांत खालचा पत्ता बघून ठेवा, प्रेक्षकाचा पत्ता वर ठेवायला सांगा, कॅट काटा, हवा तो पत्ता तुमच्या खुणेला लागून सापडेल. चार ओळी, सगळे खरे, आणि तरीही जादू पकडली जाते, कारण मुलगा खालचा पत्ता बघताना सगळ्यांना दिसतो. ह्यूगार्ड-ब्राउ खुणेच्या पत्त्याचे प्रकरण सहावे ठेवतात आणि त्याच्या आधी पाचवे प्रकरण खर्च करतात ते पत्ता चोरून कसा पाहायचा यावर. शिकाऊ माणूस कुठे फसणार हे त्यांनी आधीच ओळखले आणि त्या जागी हात धरला. याला शिकवणे म्हणतात.

हाच पिंड रॉबेर्तो जोब्बी यांच्या पाच खंडांच्या ‘कार्ड कॉलेज’चा आहे, आणि त्यांच्या ‘कार्ड कॉलेज लाइट’शी कार्ल फुल्व्ह्ज यांचे १९७६ चे पुस्तक ताडून पाहण्याजोगे आहे. दोन्हींत हातचलाखी न लागणाऱ्या, आपोआप घडणाऱ्या पत्त्यांच्या जादू आहेत. फुल्व्ह्ज ७२ जादू देतात, सुट्या. जोब्बी २१ देतात, पण तीन-तीन जादूंचे सात कार्यक्रम बांधून: सुरुवात कशाने, मधे काय, शेवट कशाने. रहस्य दोन्हीकडे सारखेच सोपे. मात्र फुल्व्ह्ज वाचून पत्त्यांची कोडी येतात, आणि जोब्बी वाचून दहा मिनिटे लोकांना धरून ठेवता येते.

यापुढची पायरी स्पेनच्या हुआन तामारिस यांनी दाखवली. ‘फाइव्ह पॉइंट्स इन मॅजिक’ या छोट्या पुस्तकात नजर, आवाज, हात, पाय आणि शरीर या पाचच गोष्टी आहेत. जादू बोटांत घडते हा समज त्यांनी मोडून काढला. जादूगार जिथे पाहतो तिथे प्रेक्षक पाहतात, आणि तो ज्याच्याकडे पाहतो तो प्रेक्षक त्याच्याकडे पाहतो. एवढे कळले की निम्मी हातचलाखी अनावश्यक ठरते. हे पहिल्या दिवशी सांगायचे सोडून आमची पुस्तके ते सांगतच नाहीत.

आणि इथे मला मराठी पुस्तकांवर बोललेच पाहिजे. जादूगार रघुवीरांचे प्रयोग ज्या भाषेने डोक्यावर घेतले, त्या भाषेतली जी शिकाऊ पुस्तके माझ्या पाहण्यात आली ती बहुतेक इंग्रजी संग्रहांची सावली आहेत. आपल्या हाताचा विचार त्यांत नाही. रमी खेळताना आपल्या घराघरांत पत्ते ज्या पद्धतीने पिसतात, वरून छोटे छोटे गठ्ठे ओढून दुसऱ्या हातात टाकत, त्याला पाश्चात्त्य पुस्तके ‘हिंदू शफल’ म्हणतात आणि त्यावरची पत्ता ताब्यात ठेवण्याची तंत्रे वेगळी शिकवतात. ‘रॉयल रोड’मध्ये ते उत्तरार्धात येते, कारण तिकडच्या हाताला ते परके. आपल्या मुलाच्या हाताला ते लहानपणापासून ठाऊक! मराठी पुस्तकाचे पहिले प्रकरण तेच हवे. ते सोडून आपण मुलाला आधी परक्या पद्धतीने पिसायला लावतो, आणि पत्त्याला हात लागताच घरच्यांना संशय येतो.

नाण्यांचेही तसेच. बोबोंचे १९५२ चे ‘मॉडर्न कॉइन मॅजिक’ अमेरिकी अर्ध्या डॉलरवर उभे आहे, ज्याचा व्यास ३०.६ मिलिमीटर. आपले दहाचे नाणे २७ मिलिमीटरचे. अंगठ्याच्या उंचवट्यात आणि तळव्याच्या कडेत नाणे धरताना हा फरक लगेच जाणवतो, पण आमचा अनुवादक त्याबद्दल अक्षर लिहीत नाही. त्या पुस्तकांत प्रेक्षक टेबलापलीकडे समोर बसलेले असतात आणि जादूगाराच्या अंगात कोट असतो. आपला मुलगा अर्ध्या बाह्यांच्या शर्टात सतरंजीवर बसलेला असतो, आणि मामा, काकू, भावंडे चारी बाजूंनी, एखादे पोर तर थेट पाठीशी. मागून उघडी पडणारी जादू त्याला शिकवणे ही फसवणूक आहे, आणि ती प्रेक्षकाची नव्हे, वाचकाची.

कुणी म्हणेल, पुस्तक कशाला, व्हिडिओत सगळे दिसते. दिसते, म्हणूनच घात होतो. व्हिडिओतल्या माणसाचे थांबणे, त्याचे हसणे, त्याचे वाक्य मुलगा जसेच्या तसे उचलतो, आणि वर्गातल्या दहा मुलांची जादू एकाच माणसाची नक्कल होते. छापील वाक्य आवाज देत नाही. तो वाचणाऱ्यालाच शोधावा लागतो. कॅट हातात घेऊन, शब्दाशब्दाला थांबत वाचल्याशिवाय ते उमगत नाही. ही सक्तीच त्याला जादूगार बनवते.

म्हणून पालकांना आणि शिक्षकांना माझे सांगणे आहे. दुकानात पुस्तक उघडा आणि विसाव्या पानावरची जादू वाचा. ती करायला दहाव्या पानावरचे काही लागते का? प्रेक्षक कुठे बसतील, काय बोलायचे, जादू फसली तर काय करायचे, याला जागा आहे का? नसेल तर पुस्तक परत ठेवा, मुखपृष्ठावरचा आकडा कितीही मोठा असो. आणि प्रकाशकांनो, एकशे एक जादू छापणे थांबवा. पंधराच द्या. पण रमीच्या पिसण्यापासून सुरू होणाऱ्या, दहाच्या नाण्यावर बेतलेल्या, सतरंजीवर चारी बाजूंनी टिकणाऱ्या आणि एकीतून दुसरी उगवणाऱ्या पंधरा द्या. हे लिहू शकतील असे जादूगार महाराष्ट्रात गावोगावी प्रयोग करत आहेत. त्यांना लिहायला सांगा, आणि त्यासाठी लागणारा वेळ आणि पैसा द्या.