राजचरित्रें आणि ‘औदार्य’

संस्थानिकांच्या चरित्रांत ‘उदार’ हें विशेषण इतकें सढळपणें वापरलें जातें कीं, वाचकाला त्याचा वीट यावा. कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींस तें लावतांना चरित्रकारानें क्षणभर थांबावें. १९०१ सालीं व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगास दिलेला आश्रय हें औदार्य म्हणतां येईल. परंतु २६ जुलै १९०२ च्या हुकमानें रिकाम्या होणाऱ्या सरकारी जागांपैकीं निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांस राखून ठेवणें. १९१७ सालीं प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचें करून मुलांस शाळेंत न धाडणाऱ्या पालकांस दंड ठरविणें. आणि १९१९ सालीं अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा मोडून त्यांच्या मुलांचीं नांवें सर्वांच्या पटावर घालण्यास फर्माविणें, यांस औदार्य कसें म्हणावें? दान घेणारा तें नाकारूं शकतो. येथें नाकारणाऱ्यास दंड होता. प्रजेच्या मुलाचें शिक्षण हें राज्याचें देणें आहे, अशा बुद्धीनें हे हुकूम निघाले. त्यांस दान म्हटलें कीं देणेकरी दाता ठरतो आणि हक्कदार याचक होतो. महाराज १९२२ सालीं निवर्तले. त्यांचे हुकूम दप्तरांत आहेत. चरित्रकारानें स्तुतीचे शब्द निवडण्यापूर्वीं ते एकदां वाचावेत.