उपकरणाचेच निदान

संगणकावरचा एखादा साधा प्रोग्रॅम मध्येच बंद पडला तर फारसे बिघडत नाही. ऑपरेटिंग सिस्टिम त्याला बाजूला काढते आणि बाकीची कामे चालू राहतात. पण ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभाच कोसळला, तर त्याला बाजूला काढणारे कोणी उरत नाही. या गाभ्याला 'कर्नेल' म्हणतात. (लष्करातल्या कर्नलशी याचा संबंध नाही, मूळ शब्दाचा अर्थ फळातला गर किंवा बी.) गाभा का कोसळला हे शोधण्यासाठी त्या क्षणीची सारी स्मृती एका फायलीत उतरवून घेतात आणि मग एका खास उपकरणाने ती तपासतात. लिनक्सवर या उपकरणाचे नावच 'क्रॅश' आहे. त्यातल्या चुका आणि त्यांच्या दुरुस्त्या आम्ही गेली काही वर्षे पाहत आहोत. त्या दुरुस्त्यांचे मोल कसे ठरवावे, याविषयी आमचे मत येथे मांडत आहोत. प्रयोगशाळेत मुलांच्या हाती मोजमापाची उपकरणे देणाऱ्या शिक्षकांना हा विषय वाटतो तितका परका नाही.

प्रथम स्मृती उतरवून घेण्याविषयी. कोसळलेल्या गाभ्याने स्वतःच हे काम करावे असे म्हणणे धोक्याचे आहे, कारण ज्याच्या डिस्कवर लिहिण्याच्या यंत्रणेतच बिघाड असू शकतो त्याच्याकडून लिहवून घ्यायचे कसे? म्हणून 'केडम्प' या पद्धतीत स्मृतीचा थोडा भाग आधीच राखून त्यात दुसरा छोटा गाभा तयार ठेवतात. पहिला कोसळताच दुसरा जागा होतो आणि पहिल्याची स्मृती प्रेताला हात न लावता उतरवतो. या पद्धतीवरचा निबंध विवेक गोयल, एरिक बीडरमन आणि हरिप्रसाद नेल्लितीर्थ यांनी २००५ साली ओटावाच्या लिनक्स परिषदेत सादर केला. अशा फायलीला 'कोअर' म्हणण्याची चाल मात्र फार जुनी, स्मृती चुंबकीय कड्यांची असे त्या काळातली.

आता मुख्य अडचण. उतरवलेली स्मृती म्हणजे नुसते आकडे. कोणता आकडा कशाचा, हे त्यांवर लिहिलेले नसते. हजेरीपटात जन्मतारीख सातव्या रकान्यात असते हे आपल्याला ठाऊक असते, म्हणून आपण तो वाचतो. पुढच्या वर्षी छापखान्याने मध्ये एक रकाना वाढवला, तर सातव्या रकान्यात भलतेच काही सापडेल. लिनक्सच्या गाभ्याची नवी आवृत्ती साधारण नऊ-दहा आठवड्यांनी निघते आणि आतल्या रकान्यांची मांडणी बदलण्याची मोकळीक त्याच्या कर्त्यांनी स्वतःकडे राखून ठेवली आहे. रकान्यांची नावे आणि जागा सांगणारी एक यादी गाभ्याबरोबर तयार होते व 'क्रॅश' तिचा आधार घेते. पण यादी नाव आणि जागा सांगते, अर्थ सांगत नाही. 'क्रॅश'मधल्या पुष्कळशा चुका या फटीतून येतात.

या चुका एकाच जातीच्या मानू नयेत. २०२१ साली निघालेल्या ५.१४ या आवृत्तीत प्रत्येक कामाची अवस्था (ते चालू आहे, झोपले आहे, की संपले आहे) सांगणाऱ्या 'स्टेट' या रकान्याचे नाव बदलून त्याच्या आधी दोन अधोरेषा जोडल्या गेल्या आणि त्याची रुंदीही घटवली गेली. नाव मुद्दाम बदलले होते. तो रकाना कोठे कोठे वापरला जातो ती प्रत्येक जागा सापडावी, हा हेतू होता. 'क्रॅश'ला जुन्या नावाचा रकाना यादीत सापडेना, तेव्हा त्याने तसे सांगून काम थांबवले. वापरणारे वैतागले असतील, पण आमच्या मते उपकरणाने येथे आपले कर्तव्य बजावले. नाव तेच राहून फक्त रुंदी घटली असती, तर चौसष्ट बिटांच्या यंत्रावर त्याने आठ बाइट वाचले असते. त्यातले चार अवस्थेचे आणि चार तिच्या पलीकडचे. उत्तर आले असते, पण ते चुकीचे असू शकले असते.

नेमके तसे २०२३ साली दुसऱ्या एका ठिकाणी घडले. एखाद्या कामाने प्रत्यक्षात किती स्मृती व्यापली आहे याचा आकडा 'आरएसएस स्टॅट' नावाच्या रकान्यात असतो. ६.२ या आवृत्तीत नाव तेच राहिले, आतली रचना बदलली. पूर्वी तेथे सरळ बेरजा असत. आता प्रत्येक प्रोसेसर आपल्यापुरती नोंद जवळ ठेवतो आणि ती ठरावीक मर्यादेबाहेर गेली की मध्यवर्ती बेरजेत भरतो. वर्गशिक्षक जमा फी लगेच कार्यालयात न भरता ठरावीक रक्कम झाल्यावर भरतात, तसेच हे. शाळेत एकूण किती फी जमली हे सांगायचे तर कार्यालयातली रक्कम पुरत नाही, प्रत्येक वर्गातली वहीही पाहावी लागते. या बदलानंतर 'क्रॅश'चे स्मृतीचे आकडे चुकू लागले आणि ते नीट दाखवण्यासाठी दुरुस्ती करावी लागली. उपकरण थांबले असते तर कोणी फसले नसते. आकडा दिसला की माणूस त्यावर विश्वास ठेवतो.

तिसरी जात आम्हाला सर्वांत गंभीर वाटते, कारण तिच्यात निरपराधावर आरोप येतो. गाभ्यातले मोकळे स्मृतिखंड एका साखळीत गुंफलेले असतात. प्रत्येक मोकळ्या खंडात पुढच्या मोकळ्या खंडाचा पत्ता लिहिलेला असतो. घुसखोरांना तो सहज वाचता किंवा बदलता येऊ नये म्हणून ४.१४ या आवृत्तीपासून (२०१७) पत्ता झाकून लिहिण्याची सोय आली. झाकण्याची क्रिया 'एक्सॉर' ही होय. दोन अंक सारखे असतील तर शून्य, वेगळे असतील तर एक. उदाहरणार्थ ९ म्हणजे १००१ आणि ५ म्हणजे ०१०१. त्यांचा एक्सॉर ११०० म्हणजे १२. बाराचा पुन्हा पाचशी एक्सॉर घ्या, ९ परत मिळतात. किल्ली एकच, कुलूप लावायला तीच आणि उघडायला तीच. गाभ्यात किल्लीचे दोन भाग आहेत. एक गुप्त यादृच्छिक संख्या आणि दुसरा, पत्ता ज्या जागी लिहिला आहे त्या जागेचा स्वतःचा क्रमांक. पुढे २०२० साली ५.७ आवृत्तीत या दुसऱ्या भागातल्या बाइटांचा क्रम उलटा करून मग तो वापरण्याची पद्धत आली.

जुन्या रीतीने किल्ली लावणाऱ्या 'क्रॅश'ला अर्थातच निरर्थक पत्ते मिळाले आणि त्याने 'साखळीतला पत्ता अवैध' असा निर्वाळा दिला. हा निर्वाळा वाचणाऱ्या अभियंत्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. साखळी तुटलेली दिसते, म्हणजे कोणीतरी परक्याच्या स्मृतीत लिहिले. संशय एखाद्या ड्रायव्हरवर जातो आणि तो लिहिणाऱ्याला जाब विचारला जातो. प्रत्यक्षात साखळी धडधाकट होती. तापमापकच बिघडलेला आणि रोग्याला ज्वराचे औषध, असा हा प्रकार.

याची दुरुस्ती कशी केली, ती आम्हाला विशेष आवडली. सोपा मार्ग असा की, गाभ्याची आवृत्ती ५.७ किंवा त्यापुढची असेल तर बाइट उलटे करावेत. पण हीच सुधारणा जुन्या आवृत्त्यांतही मागाहून घातली गेली होती, तेव्हा नुसत्या आवृत्तीच्या क्रमांकावर विसंबता येत नव्हते. म्हणून इंटेल घराण्यातल्या प्रोसेसरांसाठी 'क्रॅश' गाभ्यातल्या संबंधित फलनाचा यंत्रसंकेतच उलगडून पाहते आणि त्यात बाइट उलटवण्याची आज्ञा आहे का ते शोधते. बाटलीवरची चिठ्ठी वाचून न थांबता आतला द्रव लिटमसने तपासण्यासारखे हे आहे.

सगळ्या दुरुस्त्या अशा नाहीत, आणि आमची तक्रार येथेच आहे. 'क्रॅश'च्या संहितेत आवृत्तीचा क्रमांक विचारून निर्णय घेणाऱ्या ओळी पुष्कळ आहेत. रेड हॅटच्या २०१९ सालच्या आठव्या प्रणालीतला गाभा नावाने ४.१८ आहे, पण आत नंतरच्या आवृत्त्यांतली कितीतरी कामे आणून बसवलेली आहेत. अशा गाभ्याला त्याचे वय विचारून काय कळणार? हे उपकरण डेव्ह अँडरसन यांनी २०२० मध्ये निवृत्त होईपर्यंत अनेक वर्षे सांभाळले. अमुक रकाना आहे का ते आधी पाहण्याची चांगली सवय त्याला आहे. तिच्या शेजारी क्रमांकाची सवयही वाढली याचे कारण समजण्यासारखे आहे. अर्थ बदलतो पण रकाना तसाच राहतो, तेव्हा पाहण्याजोगी खूण हाताशी नसते. तरीही क्रमांक हा शेवटचा उपाय असावा, पहिला नव्हे.

यावर कोणी म्हणेल की उपकरण गाभ्याच्याच संहितेत का ठेवत नाहीत? सोलॅरिसमध्ये 'एमडीबी' या तपासनिसाचे गाभ्याविषयीचे भाग गाभ्याच्या संहितेशेजारीच असत, आणि ही व्यवस्था आम्हाला खरोखर चांगली वाटते. लिनक्सच्या संहितेतही २०१५ पासून 'जीडीबी'साठी अशा काही आज्ञावली आहेत. संदेशांची वही साठवण्याची रीत ५.१० आवृत्तीत बदलली, तेव्हा त्याच कामाचा भाग म्हणून त्या आज्ञावलीही सुधारल्या गेल्या. 'क्रॅश'ला ती दुरुस्ती स्वतंत्रपणे करून घ्यावी लागली. पण जवळ राहिल्याने प्रश्न सुटेलच असे नाही. बदल करणाऱ्याने शेजारची आज्ञावली चालवून पाहिली नाही तर ती तेथेही नादुरुस्त होऊन पडेल.

एक गोष्ट मात्र 'क्रॅश'कडून शिकावी अशी आहे. स्मृती प्रचंड असते, म्हणून ती उतरवताना 'मेकडम्पफाइल' नको ती पाने गाळते. १, २, ४, ८ आणि १६ अशा पाच प्रकारच्या पानांपैकी जी गाळायची त्यांची बेरीज त्याला सांगायची. ३१ सांगितले की पाचही प्रकार गेले. गाळलेले पान वाचायला गेल्यास 'क्रॅश' 'पान वगळलेले आहे' असे स्पष्ट सांगते. गुणपत्रिकेत गैरहजर मुलाच्या नावापुढे शून्य लिहीत नाहीत, तसेच हे. परंतु वगळलेल्या पानांत शून्येच आहेत असे धरून चालण्याचा पर्यायही त्यात आहे. काही अडलेल्या तपासांत त्याचा उपयोग होतो हे आम्ही नाकारत नाही. तो वापरून काढलेल्या प्रत्येक निष्कर्षापुढे मात्र तसे लिहिलेले असावे, आणि लिहिलेले नसेल तर असा अहवाल स्वीकारू नये.