संदर्भांचें यंत्र व इतिहासाचा निबंध

संगणकावर निबंध लिहितांना तळटीपा व संदर्भसूची जुळवून देणारें ‘झोटेरो’ हें सॉफ्टवेअर अमेरिकेंतील जॉर्ज मेसन विद्यापीठाच्या इतिहासविषयक केंद्रांत निर्माण होऊन २००६ सालीं प्रसिद्ध झालें. तें विनामूल्य मिळतें. ‘वर्ड’ अथवा ‘लिब्रे-ऑफिस’ यांस त्याची जोड दिली म्हणजे ग्रंथाची नोंद एकदांच करावयाची व हवी तेथें टीप घालावयाची. सोलापुरांतील तरुण अभ्यासकांचे असे निबंध अलीकडे आमच्या पाहण्यांत येतात. मध्येंच एक टीप वाढली तर पुढील आंकडे आपोआप सरकतात; हें श्रेय त्यास निःसंशय दिलें पाहिजे.

आमचा आक्षेप निराळा आहे. राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड १८९८ सालचा. वर्षाच्या रकान्यांत कोणीं शकाचा आंकडा १८२० नुसताच भरला, तर छापतांना तो इसवी सनच ठरतो, आणि १८६३ सालीं जन्मलेल्या ग्रंथकाराचा ग्रंथ त्याच्या जन्मापूर्वीं त्रेचाळीस वर्षें प्रसिद्ध होतो! हातानें लिहिलेल्या टीपेंत ही चूक एके ठिकाणींच राहिली असती. येथें ती वीस टीपांत एकाच सुबक वळणानें उमटते, व त्या एकरूपतेमुळेंच वाचकाची शंका निजते.

शिलालेखांची गत याहून बिकट. भीमा-सीनेच्या संगमावरील हत्तरसंग-कुडल येथील शके ९४० (इ. स. १०१८) चा मराठी लेख आमच्याच जिल्ह्यांतला. झोटेरोच्या नोंदप्रकारांत शिलालेखास स्वतंत्र स्थान नाहीं. मग तो ‘हस्तलिखित’ म्हणून नोंदला जातो, व कर्त्याच्या रकान्यांत वाचन करणाराचें नांव जाऊन बसतें. लेख कोरविणारा, तो वाचणारा आणि तें वाचन छापणारा हे तीन निरनिराळे असूं शकतात. निबंधकार कोणाच्या साक्षीवर उभा आहे, हेंच तर टीपेनें सांगावयाचें! तें ‘अतिरिक्त’ या रकान्यांत लिहून ठेवतां येतें, पण लिहितो कोण?

शिवाय ग्रंथालयाच्या सूचीवरून नोंद एका टिचकीसरशी उतरते. ग्रंथ उघडावा लागत नाहीं. म्हणून आम्ही निबंध हातीं येतांच प्रथम पृष्ठांक पाहतों. पान कोणतें, हें त्या यंत्रास ठाऊक नसतें. तें निबंधकारासच भरावें लागतें. ज्या टीपेंत तो आंकडा नाहीं, त्या ग्रंथाचें पान आम्ही निबंधकारास पत्रानें विचारतों.