हसणारे गुप्तहेर आणि निनावी मृत

करमणुकीचे नवे साधन घरात आले की त्याची पहिली तक्रार धर्मगुरूकडे येते, असा आमचा अनुभव आहे. गेल्या नोव्हेंबरच्या आरंभी आमच्या धर्मग्रामातील एक माता अशीच तक्रार घेऊन आली. सासऱ्यांचे निधन होऊन महिनाही उलटला नव्हता, आणि तिचा मुलगा संगणकावर प्रेतांचा खेळ खेळत खदखदून हसत होता. "फादर, आता तुम्हीच त्याला सांगा," असे ती म्हणाली. न वाचलेल्या पुस्तकावर अभिप्राय देऊ नये, ही सेमिनरीतली शिकवण आम्ही अजून विसरलो नाही. म्हणून चार संध्याकाळी त्या मुलाच्या शेजारी बसून आम्ही तो खेळ पाहिला.

खेळाचे नाव 'नाइट ऑफ द रेव्हिंग डेड'. जॉर्ज रोमेरो यांच्या १९६८ सालच्या 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' या भयपटाच्या नावावरची ही कोटी आहे. जिवंत प्रेतांच्या जागी येथे रात्रभर नाचणारी प्रेते आली आहेत. अमेरिकेतील टेलटेल या संस्थेने तो फेब्रुवारी २००८ मध्ये प्रसिद्ध केला. मूळ संस्था २०१८ मध्ये कोसळली, तरी २०२१ मध्ये ही मालिका नव्या रूपात पुन्हा आली. सॅम आणि मॅक्स हे तिचे नायक स्टीव्ह पर्सेल यांच्या चित्रकथांतून १९८७ मध्ये अवतरले. सॅम हा सूट आणि हॅट घातलेला, पल्लेदार वाक्ये बोलणारा कुत्रा; मॅक्स हा सशासारखा, उतावळा व मारकुटा प्राणी. दोघेही स्वतःला 'स्वतंत्र पोलीस' म्हणवतात. नगरावर झाँबींची धाड पडते आणि तिचा माग काढीत ही जोडी जर्मनीतील स्टुटगार्टच्या एका गढीत पोहोचते. तेथे युर्गेन नावाचा छानछोकी व्हॅम्पायर नृत्यशाळा चालवतो आणि नाचायला येणाऱ्यांचे झाँबी करतो.

या खेळात धावपळ नाही. पडद्यावरील वस्तूवर बाण नेऊन कळ दाबायची, वस्तू पिशवीत टाकायची, भेटेल त्याच्याशी बोलायचे आणि कोडे सोडवायचे. भयकथेत वेळ अपुरा पडतो. येथे तो मुबलक आहे. प्रेत समोर उभे असतानाही सॅम एक लांबलचक शेरा मारू शकतो. भयाची पकड सुटते ती या संथपणामुळे, आणि लेखकांनी हे मर्म नेमके ओळखले आहे.

व्हॅम्पायरविषयीच्या रूढ समजुतींतूनच कोडी गुंफलेली आहेत. लसूण, पवित्र पाणी, सूर्यप्रकाश ही त्याच्यावरची शस्त्रे वाचकांना ठाऊक असतील. ब्रॅम स्टोकर यांच्या १८९७ सालच्या 'ड्रॅक्युला' कादंबरीत तर पवित्र भाकरही वापरली जाते. मात्र त्यातील ड्रॅक्युला दिवसाउजेडी हिंडू शकतो. सूर्यकिरणांनी व्हॅम्पायर नष्ट होतो ही कल्पना १९२२ च्या 'नोस्फेराटू' या जर्मन मूकपटाने रुजवली. पवित्र पाणी असे हत्यार झालेले पाहून आम्हांला प्रथम खटकले. पण विचार करता वाटले, आपल्यातही ते बाटलीत भरून ताईतासारखे जपणारे थोडे नाहीत. हा उपहास आपल्याही अंगाला लागतो.

खेळाचा गाभा उत्तरार्धात आहे. नायकांचे आत्मे शरीरांपासून वेगळे केले जातात. शरीरे झाँबी होऊन भटकतात आणि आत्म्यांना त्यांच्यामागे जावे लागते. संत थॉमस अक्वायनस यांनी आत्म्याला शरीराचे 'रूप' म्हटले. शरीराविना आत्मा हा त्यांच्या मते पूर्ण माणूस नव्हे. हैतीच्या लोकसमजुतीतील झाँबी हाही इच्छाशक्ती हरपलेला, दुसऱ्यासाठी राबणारा मृत आहे. त्यामागे गुलामगिरीची स्मृती आहे. शरीर उठले पण माणूस उठला नाही, हे पुनरुत्थानाचे विडंबनच होय. या विडंबनाला हसण्यात आम्हांला पाप दिसत नाही. मध्ययुगाच्या अखेरीस बव्हेरियातील धर्मगुरू ईस्टरच्या उपदेशात विनोदी गोष्टी सांगून भाविकांना हसवीत असत. मृत्यूच हरला, मग हसावयाचे नाही तर काय, हा त्यामागचा भाव होता.

आमचा आक्षेप निराळा आहे. या खेळातील झाँबींना नावे नाहीत. ते कोणाचे आजोबा होते, कोणाची मुलगी होती, हे कोणी विचारीत नाही. येथे तुलनेसाठी टिम शेफर यांचा 'ग्रिम फँडँगो' (१९९८) घ्यावा. त्याचा नायक मॅनी हा मृतांच्या देशातील प्रवास-दलाल आहे. सज्जनांना तेथे चार मिनिटांत पोहोचवणाऱ्या रेल्वेचे तिकीट मिळते. इतरांच्या वाट्याला चार वर्षांची पायपीट येते. मेचे नावाच्या एका सुशील स्त्रीला तिच्या हक्काचे तिकीट नाकारले जाते, आणि सज्जनांची तिकिटेच कोणी चोरीत असल्याचे मॅनीला उमगते. कथेचे चारही भाग चार वर्षांतील मृतांच्या दिवशी घडतात. बहुतेक पात्रे सांगाडे आहेत आणि विनोदही भरपूर आहे. पण प्रत्येक सांगाड्याला गतायुष्य आहे, म्हणून तेथील हसणे शोकाच्या आड येत नाही. सॅम आणि मॅक्स आपल्याला भयातून सोडवतात, शोकापर्यंत मात्र नेत नाहीत. कलाकृती म्हणून हा खेळ चतुर आहे, पण उथळ आहे.

चौथ्या संध्याकाळी नायकांचे आत्मे शरीरांत परतले तेव्हा तो मुलगा हसला नाही. पडद्यावरची नजर न काढता त्याने विचारले, "फादर, आजोबांचं काय?" धर्मशिक्षणाच्या पुस्तकातील उत्तर आम्हांला पाठ होते, त्या क्षणी ते ओठांवर आले नाही. आम्ही आजोबांविषयीच विचारले आणि तो बराच वेळ बोलत राहिला. त्याच्या आईला आम्ही सांगितले, खेळ बंद करू नका. नोव्हेंबर महिन्यात आमच्याकडे मिस्सेपूर्वी मृतांची नावे वाचली जातात. ते काम आम्ही यंदा त्या मुलाकडे सोपवले. आजोबांचे नाव यादीत अकरावे होते.