पडद्यावरचे तळे : व्हिडिओ गेम आणि विज्ञानाचे प्रमाण

आजचा विषय बऱ्याच शिक्षकांच्या, पालकांच्या आणि संस्थाचालकांच्या डोक्यात घोळतो आहे. मुलं नाहीतरी तासन्‌तास व्हिडिओ गेम खेळतात. मग त्याच गेममधून त्यांना विज्ञान आणि पर्यावरण शिकवायला काय हरकत आहे? हरकत आहे की नाही, ते ओघाने येईलच. पण या प्रश्नाच्या पोटात आणखी एक प्रश्न आहे आणि तो तत्त्वज्ञानाचा आहे. गेम खेळून मुलाला जे कळतं, ते त्याला कोणत्या प्रमाणाने कळतं?

प्रमाण म्हणजे ज्ञान मिळवण्याचं साधन. न्यायदर्शनाने चार प्रमाणं मानली : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. विस्तव डोळ्यांनी पाहिला, हे प्रत्यक्ष. डोंगरावर धूर दिसला म्हणून तिथे अग्नी आहे असं ठरवलं, हे अनुमान. उपमान आज बाजूला ठेवू. आणि विश्वासू, जाणत्या माणसाने सांगितलं म्हणून मानलं, हे शब्द. अशा माणसाला नैयायिक आप्त म्हणतात. इथे आप्त म्हणजे नातेवाईक नव्हेत हं, नाहीतर गोंधळ व्हायचा.

खेळातून शिकवावं, ही कल्पना काही नवी नाही. प्लेटोने ‘रिपब्लिक’मध्ये सांगून ठेवलंय की मुलांना शिक्षण सक्तीने देऊ नये, खेळातून द्यावं. तेव्हा खेळ आणि शिक्षण एकत्र येण्याला माझा विरोध असण्याचं कारण नाही. माझं म्हणणं वेगळं आहे. व्हिडिओ गेममध्ये मुलाला वाटतं की आपण हे स्वतः पाहिलं, स्वतः करून बघितलं. म्हणजे प्रत्यक्ष. वास्तविक त्याच्यासमोर जे घडतं ते कुणीतरी आधी ठरवलेल्या नियमांप्रमाणे घडतं. म्हणजे तो शब्द आहे. गेम म्हणजे प्रत्यक्षाचा वेष घेतलेला शब्द.

शब्दप्रमाण हलकं आहे असं मी म्हणत नाही. आपलं बहुतेक विज्ञान आपण शब्दावरच मानतो. इथे बसलेल्यांपैकी कुणी इलेक्ट्रॉनचं वजन केलेलं नाही. पण पाठ्यपुस्तक निदान उघडपणे शब्द असतं. मूल म्हणतं, “पुस्तकात असं लिहिलंय,” आणि एखादं चौकस मूल विचारतं, “सर, पुस्तकात चुकलं असेल तर?” गेमबद्दल हा प्रश्न सुचतच नाही. डोळ्यांनी पाहिलेल्याला कोण कशाला आव्हान देईल?

आता उदाहरणं घेऊ. ‘स्पोर’ नावाचा गेम 2008 साली आला. ‘सिमसिटी’ करणाऱ्या विल राइट यांचा. एका पेशीपासून सुरुवात करायची, मग प्राणी, टोळी, संस्कृती आणि शेवटी अंतराळ. अनेकांनी तो उत्क्रांतीचा खेळ म्हणूनच पाहिला. पण त्यात होतं काय? खेळाडू गुण जमवतो आणि त्या गुणांच्या बदल्यात प्राण्याला पाय, डोळे, शिंगं बसवतो. पुढच्या पिढीत काय बदलायचं ते खेळाडू ठरवतो. डार्विनचा सगळा मुद्दाच हा होता की असं ठरवणारा कुणी लागत नाही. एकाच जातीच्या जिवांमध्ये बारीक फरक असतात, त्यांतले काही जगतात, बरेच मरतात, आणि पिढ्यान्‌पिढ्या त्यातून बदल साठत जातो. ‘स्पोर’मध्ये ही निवडच नाही, आहे ती खरेदी. खेळ म्हणून तो मजेदार आहे, यात वाद नाही. पण त्यातून उत्क्रांती शिकलेलं मूल उत्क्रांतीच्या बरोबर उलटं काहीतरी शिकतं, आणि तेही आपण स्वतः करून पाहिलंय अशा खात्रीने.

दुसरं उदाहरण मला मनापासून आवडतं. ‘कर्बल स्पेस प्रोग्राम’, पूर्ण स्वरूपात 2015 साली आला. यात रॉकेट बांधायचं आणि कक्षेत पाठवायचं. पहिली कितीतरी रॉकेटं कोसळतात, आणि का कोसळली ते शोधावं लागतं. इथे मुलाला एक विलक्षण गोष्ट कळते. कक्षेत पुढे असलेलं यान गाठायचं असेल तर वेग वाढवून चालत नाही. आधी कमी करावा लागतो. मग आपण खालच्या कक्षेत उतरतो, तिथली फेरी लवकर पूर्ण होते आणि पुढचं यान आपोआप जवळ येतं. फळ्यावर हे समजावताना शिक्षकाला घाम फुटतो. गेममध्ये ते हाताला कळतं.

पण इथेही नियम कुणीतरी लिहिलेत. गेममधल्या ग्रहाची त्रिज्या 600 किलोमीटर आहे, पृथ्वीची सुमारे 6,371. त्यामुळे तिथे खालच्या कक्षेत फिरायला सेकंदाला सव्वादोन किलोमीटरच्या आसपास वेग पुरतो, पृथ्वीभोवती पावणेआठ किलोमीटरहून जास्त लागतो. शिवाय मूळ खेळात यानावर एका वेळी एकाच गोलाचं गुरुत्वाकर्षण चालतं. याचा परिणाम बघा. आपलं आदित्य-एल1 हे यान पृथ्वीपासून सुमारे 15 लाख किलोमीटरवरच्या ज्या बिंदूभोवती फिरतं, तो बिंदू सूर्य आणि पृथ्वी या दोघांच्या एकत्र ओढीमुळे तयार होतो. या गेमच्या विश्वात तो अस्तित्वातच नाही! हे सोपं करणं योग्यच आहे, नाहीतर खेळताच येणार नाही. पण ते सोपं केलंय हे मुलाला कुणी सांगायचं?

आता पर्यावरणाकडे येऊ. इथे सर्वांत विचारपूर्वक केलेला जो प्रयोग मला माहीत आहे, तो हार्वर्ड विद्यापीठाच्या शिक्षणशास्त्र विभागाचा. नाव ‘इकोम्यूव्ह’. पडद्यावर एक तळं आहे. मुलं गटाने काम करतात : कुणी प्राण्यांची नोंद ठेवतं, कुणी पाण्याचं रसायन बघतं, कुणी सूक्ष्म जीव पाहतं, कुणी गावातल्या माणसांकडे चौकशी करतं. दिवस पुढेमागे करता येतात. आणि एके दिवशी तळ्यातले मोठे मासे मेलेले दिसतात.

मुलांचा पहिला अंदाज ठरलेला : कुणीतरी विष टाकलं. हळूहळू आकडे जुळवल्यावर वेगळीच साखळी दिसते. वरच्या वस्तीत हिरवळीला खत घातलं. पावसाने ते वाहून तळ्यात आलं. फॉस्फेट वाढलं, शेवाळ माजलं. शेवाळ मेलं, ते कुजवणाऱ्या जिवाणूंनी पाण्यातला प्राणवायू संपवला आणि मासे गुदमरले. कारण एकीकडे, परिणाम दुसरीकडे, मध्ये कित्येक दिवस. कुणाचाच हेतू वाईट नाही. कोल्हापूरच्या रंकाळ्यातली जलपर्णी पाहिलेल्याला ही गोष्ट परकी वाटणार नाही. अशी दूरची, संथ कारणं आपल्या डोळ्यांना सहसा दिसत नाहीत. काळ आवळून ती दाखवणं गेमला जमतं, हे मान्य केलंच पाहिजे.

शिवाय गेमची तुलना कशाशी करायची, हेही प्रामाणिकपणे बघावं. आपल्याकडे पर्यावरण हा सक्तीचा विषय झाला आणि त्याचं रूपांतर बऱ्याच ठिकाणी प्रकल्पवहीत झालं. दुकानातून चित्रं आणायची, मागच्या वर्षीच्या वहीतून मजकूर उतरवायचा, रंगीत पेनाने मथळे द्यायचे. त्या वहीपेक्षा पडद्यावरचं तळं हजारपटीने बरं.

पण खऱ्या तळ्यापेक्षा? इकोम्यूव्हच्या तळ्यात उपकरण कधी बिघडत नाही. आकडा नेहमी बरोबर येतो. आणि मुख्य म्हणजे, उत्तर आहे याची खात्री असते, कारण कुणीतरी ते तिथे ठेवलेलं आहे. निसर्ग अशी हमी देत नाही. दोन मुलांनी एकच पाणी मोजलं आणि दोन आकडे आले, तर आता काय? बाटली नीट धुतली नव्हती का? काठाचं पाणी घेतलं का? विज्ञान या क्षणी सुरू होतं. आपल्या अरविंद गुप्तांनी दाखवलेली साधी मोटार आठवा. सेल, चुंबक, दोन पिना आणि तांब्याच्या तारेचं वेटोळं. तारेवरचं वार्निश नीट खरवडलं नाही तर ती फिरत नाही. तिथे नकार देणारा कुणी प्रोग्रामर नसतो, निसर्ग असतो. हे प्रत्यक्ष.

इकोम्यूव्ह करणाऱ्या मंडळींनाही हे दिसलं असावं, कारण त्यांनी पुढे ‘इकोमोबाइल’ हा उपक्रम केला. त्यात मुलं हातात फोन आणि मोजणीची उपकरणं घेऊन खऱ्या तळ्यावर जातात. माझ्या मते योग्य क्रम हाच. पडद्यावर शंका निर्माण व्हावी, आणि ती फेडायला काठावर जावं. यासाठी हार्वर्ड लागत नाही. जल जीवन मिशनखाली ग्रामपंचायतींना पाणी तपासण्याचे संच मिळालेत. त्यांनी नायट्रेटसुद्धा तपासता येतं. शाळेने मागितला तर एका दुपारपुरता तो संच कुणी नाकारेल असं वाटत नाही.

आणि वर्गात गेम वापरायचाच असेल, तर खेळून झाल्यावर मुलांना एकच गृहपाठ द्यावा : हा गेम कुठे खोटं बोलतो ते शोधा. ‘स्पोर’मध्ये कोण निवडतं? कर्बलच्या ग्रहाची त्रिज्या किती? पडद्यावरच्या तळ्यात गाळ, डास, फाटकी चप्पल का नाही? हे विचारलं की वेष उतरतो, मूल त्या शब्दाला शब्द म्हणून ओळखतं आणि त्याची परीक्षा करू लागतं. मग गेम उत्तम शिक्षक होऊ शकतो.

मला भीती गेमची वाटत नाही. भीती वाटते ती हिशेबाची. प्रयोगशाळेला जागा लागते, काचेची भांडी फुटतात, सहलीला परवानगी आणि गाडी लागते. टॅबलेटला यातलं काही लागत नाही. उद्या एखादी शाळा म्हणेल, मुलं पडद्यावर तळं बघतात की, आता ओढ्यावर कशाला न्यायचं? त्या दिवशी त्या शाळेतलं एक प्रमाण कमी झालं असं समजा. आणि ओढ्याकडे कुणी बघतच नसेल, तर त्यातले मासे मेल्याचं कळणार कुणाला?

इथे थांबतो. प्रश्न जरूर विचारा, विशेषतः ज्यांनी हे गेम माझ्यापेक्षा जास्त खेळलेत त्यांनी.