वैऱ्यांची हजेरी

चिंचवडमधील ज्या घरात प्रस्तुत लेखकाचे बालपण गेले, त्या घरातील दूरदर्शन-संच दर तिसऱ्या आठवड्याला मुका होत असे. कारण त्या आठवड्यात वडिलांची तिसरी पाळी असे, सकाळी परतून ते बाहेरच्याच खोलीत झोपत, आणि त्यांच्या झोपेला यत्किंचितही धक्का लागता कामा नये असा आईचा सक्त हुकूम होता. १९९५ साली कार्टून नेटवर्क ही वाहिनी भारतात सुरू झाली आणि पुढे केबलच्या तारेवरून आमच्या कॉलनीत पोहोचली, तेव्हा टॉम आणि जेरी यांचे कितीतरी लघुपट आम्हां भावंडांनी आवाज पूर्ण बंद करून पाहिले, आणि त्यांतला एकही प्रसंग कळायचा राहिला नाही. स्कॉट ब्रॅडली याने त्या लघुपटांना दिलेले संगीत पुढे कानी पडले, तेव्हा आपण केवढ्या वैभवाला मुकलो होतो हे ध्यानात आले. तथापि त्या मुक्या आठवड्यांनी जी कसोटी हाती दिली, तीच आजही मला सर्वांत भरवशाची वाटते. आवाज काढून घेतल्यावर जी जोडी जोडी म्हणून उरते, तीच खरी.

टॉम-जेरीची जोडी विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा यांनी १९४० सालच्या 'पुस गेट्स द बूट' या लघुपटात प्रथम पडद्यावर आणली, तेव्हा मांजराचे नाव जॅस्पर होते. १९५८ पर्यंत एमजीएमने या जोडीचे ११४ लघुपट काढले आणि त्यांतील सात ऑस्करचे मानकरी ठरले. या यशाचे मर्म पाठलागाच्या वेगात आहे असे सामान्यतः मानले जाते. माझ्या मते ते परावलंबनात आहे. टॉमला उंदीर खाण्याची भूक असल्याचे क्वचितच जाणवते. त्याला हवा असतो तो उंदराने भरलेला दिवस, आणि जेरी घरातून नाहीसा झाला तर ज्याच्यासाठी सापळे रचावेत असे त्या मांजराच्या आयुष्यात दुसरे काहीही नाही. १९७५ साली दूरचित्रवाणीसाठी निघालेल्या मालिकेत हिंसा नको म्हणून या दोघांना मित्र करण्यात आले आणि ती मालिका निर्जीव झाली. कारण त्यांचे सख्य जे काही होते ते त्या वैरातच नांदत होते, आणि वैर काढून घेताच सख्यही निघून गेले.

हेच तत्त्व याहून गंभीरपणे मांडणारी एक जोडी आहे, आणि पिंपरी-चिंचवडच्या माणसाला ती परकी वाटणे शक्यच नाही. चक जोन्स याने निर्माण केलेले रॅल्फ हा लांडगा आणि सॅम हा मेंढ्यांचा राखणदार कुत्रा १९५३ ते १९६३ या काळात अवघ्या सात लघुपटांतून आले. सकाळी दोघे हाती डबा घेऊन येतात, एकमेकांची आस्थेने विचारपूस करतात, झाडावर टांगलेल्या घड्याळात आपापले कार्ड पंच करतात, आणि भोंगा होताच एक जण मेंढ्या पळवू लागतो व दुसरा त्याला बुकलून काढू लागतो. सॅमच्या पंजात रॅल्फचा गळा असताना सुटीचा भोंगा वाजला की पंजा तत्क्षणी सुटतो. वडिलांनी यांतला एक लघुपट एका रविवारी आमच्यासोबत उभ्यानेच पाहिला. कार्ड पंच करण्याचे दृश्य आले तेव्हा ते हसले, आणि मग बराच वेळ हसले नाहीत. वैर हीही एक नोकरी असू शकते, तिलाही हजेरीपट असतो, आणि नेमून दिलेल्या कामाच्या आत व बाहेर माणूस दोन निरनिराळ्या नात्यांनी एकाच माणसाशी बांधलेला असतो, हे इतक्या थोड्या रेषांत सांगणारी दुसरी कलाकृती माझ्या पाहण्यात नाही.

अशा जोड्या पुढे का घटल्या, याचा जाब कल्पनाशक्तीइतकाच जमाखर्चालाही विचारला पाहिजे. सात मिनिटांच्या चित्रपटात सेकंदाला २४ या हिशेबाने १०,०८० चौकटी भरतात, आणि एक चित्र दोन चौकटींना पुरवले तरी पाच हजारांवर चित्रे लागतात. १९५७ साली एमजीएमने आपला कार्टून विभाग बरखास्त केला. हॅना आणि बार्बेरा दूरचित्रवाणीकडे वळले, आणि तेथील तुटपुंज्या रकमेत हालचाल परवडेना म्हणून संवाद वाढले. योगी अस्वलाच्या गळ्यातील कॉलर-टाय ही नुसती हौस नव्हती. तिच्यामुळे धड स्थिर ठेवून केवळ डोके नव्याने काढण्याची सोय झाली. योगी आणि त्याचा सोबती बूबू यांच्यावर माझेही प्रेम आहे. परंतु आवाज बंद करा, दोघे उभ्या उभ्या नुसते ओठ हलवताना दिसतील.

आपल्याकडील आजची अवस्था याच वळणावर आहे. लोटपोट या नियतकालिकातून उचललेली मोटू आणि पतलू ही जोडी मुंबईच्या कॉसमॉस-माया या संस्थेने २०१२ पासून पडद्यावर आणली. आकृतींचा विरोध अस्सल, समोशाची हावही अस्सल, पण पेच पडतो तो शब्दांनी आणि सुटतो तोही शब्दांनीच. २००८ पासून गाजणाऱ्या छोटा भीमभोवती मित्रांचा गोतावळा आहे, परंतु ज्याच्यावाचून त्याचे अडावे असा एकही नाही. सर्वांत खेदाची गोष्ट ऑगीची: १९९८ साली फ्रान्समध्ये निघालेली, मांजर आणि झुरळे यांची ही जवळजवळ निःशब्द मालिका हिंदीत आणताना तिच्यात सिनेनटांच्या नकला करणारे आवाज भरण्यात आले. चाकणच्या कारखान्यांजवळील महाळुंगे-निघोजेच्या खोल्यांतून बिहार, ओडिशा आणि मराठवाडा येथून आलेल्या कामगारांची मुले शेजारी शेजारी वाढतात. त्यांना पहिल्याच दिवशी एकत्र हसवू शकेल असे जे थोडे आहे, त्यात हा निःशब्द विनोद येतो. म्हणून ही भेसळ मला क्षुल्लक वाटत नाही.

मराठी मुलुखाला या कलेची ओळख उशिरा झाली असे नाही. दादासाहेब फाळके यांनी १९१५ साली 'आगकाड्यांची मौज'मध्ये काड्या नाचवल्या. पुण्याच्या प्रभातने १९३४ साली 'जंबू काका' काढला. जोडीचे शास्त्र तर गौळणीतील कृष्ण आणि पेंद्या यांनी केव्हाच सिद्ध केले होते. पेंद्याची लंगडी चाल पाहताच रात्रीच्या फडातला शेवटच्या रांगेतला माणूसही हसतो. १९९१ पासून 'सकाळ'मध्ये आलेल्या चिंटूला आणि त्याच्या चेंडूची धास्ती घेतलेल्या जोशीकाकूंना चारुहास पंडित यांच्या रेषेने बैठक दिली. २०१२ आणि २०१३ साली चिंटूवर चित्रपट आले, त्यांत मात्र हाडामांसाची मुले होती. रेषेतल्या चिंटूमागे रेषेतल्याच जोशीकाकू धावल्या असत्या, तर त्या पाठलागाला संवादांची गरज लागली नसती.

आणखी एक जोडी या औद्योगिक पट्ट्यातच पडून आहे, तिच्याकडे कोणा चित्रकाराचे लक्ष जावे अशी माझी फार इच्छा आहे. वडिलांच्या मशीनवर त्यांच्यानंतरच्या पाळीला जो रिलीव्हर येई, त्याच्याशी त्यांची गाठ वर्षानुवर्षे पाच मिनिटांपलीकडे पडली नाही. आणि तरीही त्याच्यावरचा राग व लोभ दोन्ही घरी येत. तो बुटका होता. वडील उंच होते. तो स्टूल खाली करून जाई, वडील ते वर करीत. तो तेलाचे फडके डावीकडे टांगी, वडील उजवीकडे. एकदा वडील आठवडाभर आजारी पडून कामावर परतले, तेव्हा स्टूल त्यांच्या उंचीला लावून ठेवलेले होते.